खापरच्या हर्रासातला खांब

ब्राह्मणपुरी, ता. शहादे,
चैत्र वद्य सप्तमी, शके १८५७

मित्रांत वडील आणि वडिलांत मित्र असे गफूरभाई, मुक्काम नवापूर, यांस भाईदासचा रामराम पोचावा. तो पुरेसा वाटला नाही तर वर एक सलामही ठेवून घ्यावा. आपला गुडघा कसा आहे? रजियाभाभींचा खोकला त्या हकिमाच्या काढ्याने गेला, की हकीमच गेला? (मागच्या खेपेला मी त्याला पाहिले तेव्हा भाभींपेक्षा तोच जास्त खोकत होता.) इकडे सर्व क्षेम आहे असे लिहिण्याची रीत आहे म्हणून लिहितो. आमचे कुटुंब सरलाबाई माझ्याशी कामापुरते बोलते. तापीफुई खुशाल आहे. फुई म्हणजे माझ्या वडिलांची थोरली बहीण. आपण दोघे नंदुरबारच्या शाळेत असताना सुट्टीत तुम्ही आमच्या गुजराच्या घरी येत असा, तेव्हा तुमच्या खिचडीवर तूप ओतताना जिचा हात कधी आखडला नाही, ती. आता तिला डोळ्यांनी फारसे दिसत नाही. निदान आम्हाला दिसते ते तरी दिसत नाही. जे आम्हाला दिसत नाही त्याबद्दल पुढे लिहितो.

झाले असे की घरापुढे पडवी काढायचे मी ठरवले. तीन खांब उभे राहिले, चौथा कमी पडला. तेवढ्यात खापरहून बातमी आली की तिथल्या बंगल्यात राहणारा म्हातारा जंगलसाहेब तापाने वारला, मागे कोणी वारस नाही, आणि त्याच्या सामानाचा हर्रास होणार आहे. सरलाबाई म्हणाली, साहेबाचे घड्याळ मिळाले तर पाहा. मी आमचा गाडीवान हिलाल याला घेतले आणि गाडी जुंपून निघालो. बंगल्याच्या अंगणात साहेबाचा संसार उन्हात मांडला होता. सांबराची शिंगे, पत्र्याचे न्हाणीचे टब, पोटाची शिवण उसवलेली पेंढा भरलेली मगर (आतून उंदीर बाहेर बघत होता आणि तो जिवंत होता), भिलांच्या देवाला वाहिलेले मातीचे घोडे, चांदीचे कडे, तिरकामठे, आणि कशाकशाचे दात. साहेबाला जुन्या वस्तू जमवायचा नाद होता. माणूस मेला की त्याचा नाद किती केविलवाणा दिसतो! घड्याळ माझ्या आधीच नंदुरबारच्या एका व्यापाऱ्याने घेतले. मग एक खांब पुढे आला. अस्सल साग, पुरुषभर उंच, वर चंद्रसूर्य कोरलेले आणि खाली घोड्यावर बसलेला एक माणूस, हातात बंदूक, मिशा वर वळवलेल्या. मी म्हटले, हाच आपला चौथा खांब.

आता आमचा मोतीलाल तुम्हाला ठाऊक आहे. माझ्या बांधाला त्याचा बांध. मी केळी लावली की तो केळी लावतो, मला पडसे झाले की तो शिंकतो. तोही हर्रासाला आला होता. मी बोली लावली, त्याने चढवली. मी चढवली, त्याने पुन्हा चढवली. मग मला ईर्षा आली आणि मी मागे वळूनसुद्धा पाहिले नाही. मागून बोली येत राहिली, मी वाढवत राहिलो. आवाज जरा जाड येत होता, पण मला वाटले, मोतीलालचा घसा रागाने बसला. हर्रास पुकारणारा नाझर मात्र हळूहळू पांढरा पडत चालला होता. तो माझ्याकडे पाही, मग माझ्या डोक्यावरून व्हरांड्याकडे पाही, आणि घाम पुशी. शेवटी माझी बोली येताच त्याने "एक वार दोन वार तीन वार" असे एका श्वासात म्हणून टाकले, ठोकळा आपटला आणि पाणी मागितले. परत निघालो तेव्हा हिलाल वाटभर गप्प होता. (हिलाल गप्प असणे म्हणजे गोमाई नदीला उन्हाळ्यात पूर येणे.)

खांब पडवीत उभा केला, वर तुळई टाकली, कौले चढवली. सुरेख दिसू लागले. दुसऱ्या दिवशी दुपारी पाहतो तो आमची फुई, जी स्वतःच्या भावापुढेही कधी डोक्यावरचा पदर सारखा करत नसे, ती खांबापुढून जाताना पदर कपाळापर्यंत ओढून, अंग चोरून गेली. मी विचारले, फुई, हे काय?

"कोन्ही बठेल शे ना तठे," ती म्हणाली. मग माझ्यावरच उखडली. "इतला दूरथून पाव्हना येल शे. त्याले पानी तरी दिधं का रे कोनी?"

आणि तिने पाण्याने भरलेला तांब्या खांबाच्या बुडाशी नेऊन ठेवला. दिवेलागणीच्या आधी तो कोरडा झाला होता. मी सरलाबाईला समजावले की चैत्राच्या उन्हात पाणी आटतेच. ती म्हणाली, मग शेजारचा रांजण का नाही आटला? रोज तांब्या भरायचा, रोज तो रिता व्हायचा. आमचे कुत्रे, जे तुमच्यावरसुद्धा भुंकते, ते खांबापुढे पाय दुमडून, कान पाडून बसू लागले. जसे काही मालक जेवतो आहे आणि तुकडा टाकणार आहे. आणि गफूरभाई, मी भुताखेतांवर विश्वास ठेवणारा माणूस नव्हे हे तुम्ही जाणता, पण पडवीच्या त्या कोपऱ्यात आमच्यापैकी कोणीही बसेनासे झाले. कोणी कोणाला सांगितले नव्हते. आपण गाडीत बसलेल्या माणसाच्या मांडीवर जाऊन बसत नाही, तसेच. जागा भरलेली वाटायची. मी एकदा मुद्दाम, भर दुपारी, छाती काढून तिथे जाऊन बसलो. काही झाले नाही. फक्त बसल्यावर मी आपोआप थोडा सरकलो, आणि "बसा, बसा" असे म्हणालो. ते माझ्याच तोंडून आले. मग मला शेतावर एक काम आठवले.

फुईचे आणि पाव्हण्याचे मात्र चांगले जमले. ती वाती वळत बसे आणि मधूनच हुंकार देई. मी विचारले तर म्हणे, "बिचारा एकच गोट इचारस. मन्ही बाई कवय ई?" म्हणजे याची बायको केव्हा येणार. हे ऐकून सरलाबाईने माहेरची वाट धरायची तयारी केली. ती म्हणाली, एक अदृश्य पाव्हणा मी कसाबसा चालवून घेतला, आता तो कुटुंब आणणार असेल तर हे घर त्यांनाच लखलाभ होवो.

त्याच सुमारास मोतीलाल खांब पाहायला म्हणून आला. (जळायला आला होता.) चहा बशीत ओतून घेत म्हणाला, भाईदास, त्या दिवशी एवढा का पेटलास? मी म्हटले, तू चढवत होतास म्हणून. त्याने बशी खाली ठेवली.

"मी ते दोनच बोल्या लाया," तो म्हणाला. "मंग मी कुवावर पानी पेवाले गयथू. तू कोनसंगे चढाओढ करी ऱ्हायंता?"

तेव्हा दारातून हिलाल प्रथमच बोलला. त्याचे म्हणणे, बोली व्हरांड्यातून येत होती. तिथे साहेबाची लांब हातांची आरामखुर्ची होती आणि तिच्यावर कोणी नव्हते. आवाज साहेबाचा होता. हिलालने साहेबाच्या शिकारीत हाक्याला, म्हणजे रान उठवायला, जाऊन तो पुष्कळदा ऐकला होता. मेल्यावरही साहेब खांब सोडायला तयार नव्हता. हे ऐकताच मोतीलाल उठला आणि चहा बशीत तसाच टाकून निघून गेला. त्याने आयुष्यात प्रथमच चहा टाकला, आणि तोही दुसऱ्याच्या घरचा. त्याचे कारण मला नंतर कळले.

खांब घरातून घालवायचा तर होता. फुकट द्यावा तर लोक विचारतात, फुकट का? म्हणून मी ठरवले की आपणही हर्रास करावा. आठवडी बाजाराच्या दिवशी सकाळी ओट्यावर उभा राहिलो, हातात मुसळाचा तुकडा घेतला आणि नाझरासारखे पुकारू लागलो. अर्धे गाव जमले. सगळे हसत होते, बोली कोणी लावीना. मी दर खाली आणत आणत आणखी खाली जागा उरली नाही इथवर आलो. तेवढ्यात गर्दीच्या मागून जाड, घोगऱ्या आवाजात बोली आली, "मन्ही कोंबडी घ्या."

अंगण रिकामे व्हायला जेवढा वेळ लागला तेवढ्यात माणसाला शिंकही पुरी देता येत नाही. हिलाल तेवढा राहिला, कारण त्याचे पाय हलेनात. मीही त्याच कारणाने राहिलो. आणि रिकाम्या अंगणाच्या टोकाला एक म्हातारी भिलीण उभी होती. बगलेत काळी कोंबडी, डोक्यावर गाठोडे, पायांवर वाटेची धूळ. मला एवढा आनंद झाला की मी तिला नमस्कारच केला. म्हटले, आजी, म्हणजे खापरलाही तूच बोली लावत होतीस तर!

"मी खापरले गयीच नही," ती म्हणाली.

तिचे नाव भिकुबाई. ओट्यावर बसवून सरलाबाईने तिला भाकर दिली तेव्हा तिने सांगितले. (बोलणे निम्मे अहिराणी, निम्मे भिलोरी.) घोड्यावरचा तो माणूस म्हणजे तिचा नवरा वाहरू. साहेबाचा शिकारी. एका हाक्यात वाघाने त्याला घेतले. त्याच्या नावाचा खांब तिने गावाच्या शिवेवर रोवला, आणि साहेब येऊन तो उपटून घेऊन गेला. तिने साहेबाला शिव्या दिल्या का, असे मी विचारले. ती म्हणाली, कशा देणार? खांबाला मिठी मारून तो पोरासारखा रडत होता. म्हणत होता, वाहरूबिगर माले झोप नही येस. मग व्हरांड्यात आपल्या खुर्चीसमोर त्याने तो उभा केला.

"मंग तुले कसं समजनं, तो आमना घर शे?" मी विचारले.

"रोज सकायले नालावर पानी भराले जास मी. तो ई उभा ऱ्हास. आते बोलना, मी एक गुजरना घर शे, म्हतारी माय रोज पानी देस. मंग मी गावगाव इचारत उनी."

सरलाबाईच्या हातातली भाकर हातातच राहिली. फुईने मात्र खांबाकडे तोंड करून, दूरच्या नातलगाला शुभवर्तमान द्यावे तसे सांगितले, "उनी रे भाऊ तुन्ही बाई." भिकुबाई उठली, खांबावरच्या घोडेस्वाराच्या मिशांवरची धूळ तिने पदराने पुसली आणि त्याच्याशी भांडू लागली. शब्द मला कळले नाहीत, पण सूर घरचाच होता.

खांब तिचा तिला दिला, कोंबडी मी घेतली नाही. (ती आपणहूनच राहिली आहे आणि अंडी देते.) खांब काढायचा म्हणजे पडवी उतरवायची. मी आणि हिलाल तुळईला टेकू देत असताना मोतीलाल न बोलावता मदतीला आला. मला गहिवरून आले. मग पाहिले तो त्याच्या गाड्यात साहेबाची आरामखुर्ची! ती त्याने त्याच हर्रासात घेतली होती, आणि तेव्हापासून त्याच्या ओसरीवर चिरुटाचा वास येत होता, आणि त्याच्या घरात तर कोणी विडीसुद्धा ओढत नाही. त्याचा बेत असा की साहेब आणि वाहरू दोस्त होते, दोघांना एकत्रच पोचवून टाकावे.

भिकुबाईच्या गावच्या डोंगराच्या पायथ्याशी गाड्या सोडल्या आणि खांब खांद्यावर घेऊन चढलो. मोतीलाल खुर्ची डोक्यावर घेऊन मागून येत होता. शिवेवर मोहाच्या झाडाखाली तो जुना खड्डा होता. गफूरभाई, इतके पावसाळे गेले, तो बुजायला हवा होता. पण त्याच्या कडा सारवलेल्या होत्या, आत एक पान पडलेले नव्हते. दर पावसाळ्यानंतर भिकुबाई तो आपल्या हाताने उकरून साफ करीत असे. खांब त्यात असा बसला की पाचर मारावी लागली नाही. मोतीलालने हळूच शेजारी खुर्ची मांडली. भिकुबाईने ती पाहिली आणि मान हलवली.

"साहेबनी बरीच वरीस ठेवा त्याले," ती म्हणाली. "आते मन्ही पाळी."

मोतीलालने खुर्ची पुन्हा डोक्यावर घेतली. मी मागे वळून पाहिले तेव्हा म्हातारी खांबाला पाठ टेकून, पाय पसरून बसली होती, आणि थोडी एका बाजूला सरकून बसली होती.

असो. मुलांना आशीर्वाद, भाभींना सलाम, हकिमाला (असल्यास) नमस्कार. लोभ आहेच, तो गुडघ्यासारखा दुखता ठेवू नये.

आपला,
भाईदास

ता. क. पडवी सध्या मोतीलालच्या शिडीवर उभी आहे आणि तो दिवसातून दोनदा शिडी मागायला येतो. तरी आपल्या लाकडाच्या वखारीतून सागाचा एक खांब पाठवावा. नवा, सरळ, कोरीव काम नसलेला. कोणाचाही नसलेला.

दुसरा ता. क. खांब न्यायला गाडी येईल तिच्यात मोतीलालतर्फे तुम्हाला भेट म्हणून एक उत्तम आरामखुर्ची येत आहे. गुडघ्याला फार आराम पडेल. तुम्ही असल्या गोष्टींवर विश्वास ठेवत नाही म्हणूनच ती तुम्हाला. चिरुटाचा वास आलाच तर खिडकी उघडावी.

तिसरा ता. क. पत्र मिटत होतो तर फुईने हात धरला. ती म्हणते, गफूरला लिही, खांब दोन पाठव. दुसरा माझा. मी गेल्यावर पडवीतच रोवायचा, म्हणजे कोण आले, कोण गेले, पाव्हण्याला पाणी दिले की नाही, ते मला बघता येईल. मी म्हटले, फुई, आपल्यात अशी रीत नाही. ती म्हणाली, मंग पाडा. लाकूड चांगले मुरलेले असावे. घाई नाही, असे ती सांगते, पण मला वाटते आपण फार उशीर करू नये. आणि कोरणाऱ्याला ताकीद द्यावी, घोडा नको. "माले घोडानी भीती वाटस. बैलगाडी कोर म्हना, आनि मांगे जागा ठेव. कोन्ही वाटवर भेटनं ते बसाडी लिसू."