बिनतेलाचं सार

प्रिय न्यार्को ताई,

तू फोन उचलत नाहीस, म्हणून हे पत्र गावाकडच्या बसच्या ड्रायव्हरपाशी देतोय. दूफी जिवंत आहे, हे आधी सांगतो. पोटातलं बाळही हलतंय. पण कालपासून पोरीनं तोंडात घास घेतलेला नाही. मी कुमासीच्या या दवाखान्यात तिच्या उशाशी बसून प्रार्थना सुरू करतो आणि ती अर्ध्यातच तुटते. काय मागायचं, तेच सुचत नाही.

सकाळी डॉक्टरीणबाईंनी तिच्या रक्ताची नळी दाखवली. वर पांढरा, जाड थर, नारळाच्या दुधावर येतो तसा. त्या म्हणाल्या, जेवलं की तेल सगळ्यांच्याच रक्तात उतरतं आणि काही तासांत निवळतं. इतरांना तेलातेलात फरक पडतो. एखाद्यानं पोट जास्त वेळ भरलेलं वाटतं, एखादं रक्तात कमी रेंगाळतं. दूफीच्या रक्ताला मात्र जन्मापासूनच कुठलंही तेल निवळवता येत नाही, आणि आता दिवस गेल्यापासून ते साचतच चाललंय. मग जठरामागची ग्रंथी सुजते. तेव्हाचं दूफीचं ओरडणं तू ऐकलं आहेस. पुन्हा तसं झालं तर दोघांपैकी कुणाचीच खात्री नाही, म्हणाल्या.

मला तुझं पामफळांचं सार आठवलं. लाल तेल वर आलं की तू ते हलक्या हातानं काढून घरातल्या गरोदर बाईच्या वाडग्यात घालायचीस. बाकीच्यांनी फक्त बघायचं. दूफीची आई गेल्यावर लहानग्या दूफीलाही तू तेच भरवलंस. जेवून ती पोट धरून लोळायची, तेव्हा तू हसायचीस, "आत्याचं सार दिसलं की या बयेला थांबताच येत नाही!" आपल्याला कुठून कळणार होतं, ताई?

दिवस गेल्यावरच्या पहिल्या दुखण्यानंतर डॉक्टरीणबाईंनी तेल बंद करायला सांगितलं, तेव्हा तू कुरकुरलीस, "वर तेल नाही ते कसलं सार? हात धुतलेलं पाणी!" तरी तेलाचा डबा शेजारणीला देऊन टाकलास. मग शेंगदाणे भाजून, वाटून सार केलंस. शेंगदाण्याला आपल्यात तेल कोण म्हणतं? ते वाटण. ते भांडं बसमध्ये मांडीवर धरून मीच आणलं. झाकण उघडलं तशी दूफी म्हणाली, "बाबा, एवढे दिवस मला बकरीसारखं उकडलेल्या पाल्यावर ठेवलं होतं!" वाडगा बोटानं पुसून खाल्ला. दुसऱ्या सकाळी ती पुन्हा तशीच ओरडत होती.

तिच्या सासूबाई वॉर्डात सगळ्यांसमोर काय बोलल्या, ते तुझ्यापर्यंत पोचलंय, हे मला ठाऊक आहे. "आत्याच्या हातचं खाल्लं आणि पोरगी आडवी झाली." म्हणूनच तू चूल विझवून बसली आहेस ना? दूफीनं त्यांना तिथल्या तिथे सुनावलं, "माझ्या आत्याचं नाव काढाल तर बाळाला तुमचं नाक येऊ देणार नाही." पण त्यानंतर दूफी जेवणाकडे बघतही नाही. भूक आहे, रात्री पोट गुरगुरतं, पण घासाची भीती बसली आहे. मी भरवायला गेलो तर ओठ घट्ट मिटून घेते. काल हळूच म्हणाली, "आत्यानं आधी चाखलं तर खाईन."

म्हणून लिहितोय. ये. आपल्यात आजाऱ्याकडे रिकाम्या हातानं जाणं म्हणजे वैर. पण ताई, मी तुझ्या पाया पडतो, रिकाम्या हातानं ये. इथल्या स्वयंपाकघरात वांगी, टोमॅटो आणि कंद नुसत्या पाण्यात शिजवून देतात. डॉक्टरीणबाईंनी स्वतः पाहिलंय. त्याला चव नाही, रंग नाही, वर काही तरंगत नाही. ते हात धुतलेलं पाणी तिच्यासमोर आधी तू प्यायचं. आणि "छान झालंय" म्हणायचं. एवढं खोटं देव तुला माफ करील. मी त्याच्याशी बोललोय. त्या वेळी मात्र प्रार्थना तुटली नाही.

तुझाच,
अमोआको