अयोध्याची झाडं आणि माझे अकरा दिवस

मी, व्यंकटी दगडोबा टेकाळे, वय वर्षे अडुसष्ट, राहणार मुरुड, तालुका व जिल्हा लातूर, पूर्वीचा धंदा पाटबंधारे खात्याच्या केंद्रावर एकतीस वर्षे पाऊस मोजणे, आताचा धंदा काही नाही, आज रविवार, दिनांक १ फेब्रुवारी २०२६ रोजी हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहीत आहे. माझी शुद्ध शाबूत आहे. कोणी नशापाणी दिलेले नाही, कोणी धाक घातलेला नाही. जो धाक आहे तो माझा मलाच आहे. पुढच्या सोमवारी, नऊ तारखेला, लातूरच्या दवाखान्यात माझी छाती उघडणार आहेत. तीन नळ्या बंद आहेत म्हणे. मन ठिकाणावर असल्याचा दाखला डॉक्टरांकडून घेतला, सोबत जोडला आहे. ते म्हणाले, "काका, काही होत नाही, आजकाल रोज चार करतो आम्ही." ज्याची उघडायची नसते त्याला असे बोलता येते. अक्षर वाकडे आले असेल तर ते बनावट समजू नये.

कलम एक. मुरुडमधले राहते घर, दोन खोल्या व पुढचा ओटा, हे माझ्या स्वतःच्या कमाईचे आहे. ते माझी एकुलती एक मुलगी अयोध्या हिला द्यावे. पत्रे गळतात, ते तिने आल्यावर बदलून घ्यावेत. तिची आई तारामती, माहेर अर्धापूर, सन २००९ साली वारली. तारामतीची शिलाई मशीन या यादीत दिसणार नाही, कारण ती मी काल शेजारच्या गौरम्माच्या घरी नेऊन ठेवली. गौरम्माला या पत्रावर साक्षीदार व्हायचे आहे आणि साक्षीदाराला मृत्युपत्रातून काही मिळत नाही, असे वकिलांनी सांगितले. गौरम्मा म्हणाली, "मग जिवंत हाव तवरच द्या की. मेल्यावर कोण उचलून आणणार ते धूड?"

कलम दोन. वाटणीत माझ्या हिश्श्याला आलेली दोन एकर दहा गुंठे जमीनही अयोध्याचीच. आमच्याकडे असे समजतात की ज्याने अग्नी दिला त्याचे वावर. मला मुलगा नाही. माझा धाकटा भाऊ सुदाम अग्नी द्यायला पुढे येईल हे मला ठाऊक आहे, आणि त्याने जरूर द्यावा, माझी हरकत नाही. पण अग्नीने सातबारा बदलत नाही. हे वाक्य त्याला दोनदा वाचून दाखवावे.

कलम तीन. बांधावरचे लिंबाचे झाड सुदामने मला न विचारता तोडले, त्याला दहा वर्षे झाली. माझे पाण्याचे पाइप त्याच्याकडे आहेत, ते आता त्याचेच समजावेत. अयोध्या आफ्रिकेला निघाली तेव्हा तो पारावर चारचौघांत म्हणाला, "झाडंच मोजायची हुती तर हितं काय बाभळी न्हाईत?" सगळे हसले. मीही थोडा हसलो, त्याची मला आजही लाज वाटते. अयोध्या तिथेच उभी होती. ती म्हणाली, "काका, हितल्या बाभळीचं सगळं लिहून झालंय. तिथल्या झाडाला फळ कवा येतं हे अजून कुणीच लिहिलं न्हाई." या उत्तरामुळे सुदामच्या त्या बोलण्याचा राग मी सोडत आहे. लिंबाचा सोडत नाही.

कलम चार. बँकेतली माझी मुदत ठेव अयोध्याला न देता तिच्या कामाला द्यावी. हे काम काय आहे ते लिहितो, म्हणजे पुढे कोणी 'म्हाताऱ्याला भुरळ पडली होती' असे म्हणू नये.

झांबिया देशाच्या उत्तरेला पाणथळ जागी लहान लहान दाट राने आहेत. तिथले लोक त्यांना मुशितू म्हणतात. भोवतीचे जंगल उन्हाळ्यात पानगळ करते, मुशितू मात्र बारमाही हिरवे असते. वटवाघळे, माकडे, पाखरे दुष्काळात त्याच्याच आधाराने जगतात असा अंदाज आहे. अंदाजच, कारण नीट पाहिलेले कोणी नाही. अयोध्याने अशा एका रानातल्या एकशे वीस झाडांना पत्र्याचे नंबर ठोकले आहेत. दर महिन्याच्या पाच ते बारा तारखेला ती आणि तिथला मुलेंगा नावाचा गृहस्थ गुडघाभर चिखलातून जातात, प्रत्येक झाडाच्या शेंड्याकडे दुर्बिणीने बघतात आणि कळी किती, फूल किती, पिकले फळ किती हे लिहितात. काही झाडे वर्षाआड फळतात, म्हणून निदान पाच वर्षे लिहावे लागते. तिला पाठवणाऱ्या संस्थेने पैसे दिले दोनच वर्षांचे, ते मार्चमध्ये संपतात. उरलेल्या तीन वर्षांचा मुलेंगाचा पगार, दोघांचे गुडघाबूट, वह्या आणि तापाची औषधे या ठेवीतून व्हावीत. अयोध्याने काम सोडले किंवा देव न करो तिला काही झाले, तरीही मुलेंगा मोजत असेल तोवर त्याला पगार द्यावा. पैसे कसे पाठवायचे ते भीमाशंकर सरांनी बँकेत विचारून ठरवावे. सर तिचे वनस्पतिशास्त्राचे प्राध्यापक. या पत्राची अंमलबजावणी मी त्यांच्यावर सोपवतो.

मी हे खुशीने देतो असे कोणी समजू नये. मला त्या रानाची भीती वाटते. तिथे फोनला रेंज नाही. रेंज मिळते ती एका वारुळावर, घराच्या आढ्याएवढ्या उंच. आमच्याकडे पंचमीला वारुळापुढे लाह्या ठेवून लांबूनच हात जोडतात, आणि माझी पोरगी दर रविवारी त्यावर चढून तासभर माझ्याशी बोलते. मी इकडे एकच विचारतो, "पाय बघून ठेवलास का?" ती म्हणते, "अप्पा, ह्या वारुळात नुसती वाळवी हाय." असेल. पण पुढच्या रविवारी मी पुन्हा तेच विचारतो. गेल्या मार्चमध्ये तिला डोक्यात चढणारा मलेरिया झाला. चार दिवस फोन नाही. पाचव्या दिवशी आवाज आला तेव्हा मी ओरडलो, "आत्ताच्या आत्ता ये, न्हाईतर माझं मेलेलं तोंड बघशील." बापाने असे बोलू नये. ती आली नाही. अंगात ताप असताना तिने एकशे वीस झाडे पुरी केली. मुलेंगा नंबर वाचत होता आणि ती त्याच्या खांद्याला धरून उभी होती, हे तिने नंतर सांगितले, तेही मोठेपणाने.

कलम पाच. नऊ तारीख तिच्या मोजणीच्या मधोमध येते. ऑपरेशनचे तिला सांगितलेले नाही. मी टेबलावरच गेलो तर बारा तारखेपर्यंत तिला कळवू नये. सुदामने फोन करू नये, मामाकडच्यांनी करू नये, भावकीच्या व्हॉट्सॲप गटावर माझा फोटो हार घालून टाकू नये. तेरा तारखेला भीमाशंकर सरांनी सांगावे. तिच्यासाठी मला बर्फावर ठेवू नये. दहाव्यालाही बोलावू नये. हे कलम कोणी मोडल्यास

इथे फोन वाजला. तिचाच. साक्षीदार म्हणून भीमाशंकर सर आणि गौरम्मा तीन वाजल्यापासून माझ्यासमोर बसले आहेत, त्यांनी माझे बोलणे ऐकले. ती म्हणाली, "अप्पा, आवाज असा का यायलाय?" मी म्हणालो, "सर्दी झालीय." ती म्हणाली, "काढा घ्या." मी बरे म्हणालो. इकडचे ऊन, तिकडचा पाऊस, मुलेंगाच्या बायकोला मुलगी झाली, असे बोलणे झाले. आता ती वारुळावरून उतरणार, पाच तारखेला मोजणीला लागणार. फोन ठेवल्यावर गौरम्मा माझ्याकडे बघत राहिली. मग म्हणाली, "सर्दी म्हनं. छातीला चीर देणार आन् म्हनं सर्दी. लाज वाटंना का हो तुमाला?" सर खाली बघत होते.

कलम सहा. आता जे लिहितो ते कोणत्याही मिळकतीबद्दल नाही. वकिलांना ते नको वाटल्यास त्यांनी वाचू नये.

पाऊस मोजणाऱ्याचे काम सोपे आहे. रोज सकाळी साडेआठला पर्जन्यमापकातले पाणी काचेच्या मापात ओतायचे, डोळा रेषेसमोर आणायचा आणि आकडा लिहायचा. पाऊस नसेल तर शून्य लिहायचे. जाता आले नाही तर रकाना मोकळा सोडायचा आणि शेऱ्यात कारण लिहायचे. शून्य वेगळे आणि मोकळे वेगळे. ही गोष्ट अयोध्या सात वर्षांची असताना मीच तिला शिकवली, ती माझ्यासोबत ओट्यावर बसून नोंदवहीच्या रेघा ओढायची. एमएस्सीला तिने माझ्याच एकतीस वर्षांच्या नोंदी वापरल्या. तिच्या प्रबंधाच्या पहिल्या पानावर छापले आहे की माझ्या वडिलांच्या नोंदवहीत एकही रकाना मोकळा नाही. ती हे परदेशी लोकांनाही सांगते. मुलेंगालाही सांगितले आहे.

ते खोटे आहे. सन २००९, चोवीस ऑगस्ट ते तीन सप्टेंबर, असे अकरा दिवस मी केंद्रावर गेलोच नाही. तारामती लातूरला दवाखान्यात होती, मी तिच्यापाशी आणि अयोध्या मामाकडे. अकराव्या दिवशी ती गेली. तिचे दिवसकार्य झाल्यावर मी वही उघडली तर अकरा रकाने मोकळे. वही तपासायला साहेब येणार होते. नोकरी जाईल ही भीती होतीच, पण खरे सांगतो, त्याहून मोठी भीती त्या मोकळ्या रकान्यांची होती. त्यात बघवत नव्हते. मी गावात फिरून एकेकाला विचारले, पाऊस कसा झाला? कोणी म्हणाले, बैलाचा खूर बुडंल एवढा. कोणी म्हणाले, नुसता रपका येऊन गेला. त्यावरून मी आकडे बसवले, तेही दशांश देऊन. दशांश दिला की लोकांना खरे वाटते. असे करणारा मी एकटा नव्हतो, केंद्राकेंद्रावर हे चालते. पण माझी पोरगी माझ्या वहीच्या नावाने शपथ घेते, त्यांच्या नाही.

ताप अंगात घेऊन ती झाडे मोजायला गेली ती माझी वही अखंड आहे म्हणून. मी तिला चिखलात ढकलले आणि वर मीच ओरडलो की परत ये. आज तिला 'सर्दी' सांगितली ती बारावी खोटी नोंद.

अयोध्याने वरील तारखांचे आकडे खोडावेत. त्याबद्दल कुठे खुलासा छापायचा तो छापावा, माझे नाव घालून. माझी अब्रू जपू नये.

कलम सात. वरचे कलम लिहून झाल्यावर सरांनी घड्याळ बघितले आणि म्हणाले, "व्यंकटराव, ती अजून वारुळावरच असेल. तिच्यानंतर मुलेंगा तिथूनच घरच्यांशी बोलतो ना." मी फोन पुढे केला. गौरम्माने फोन लावून दिला.

मी तिला आधी ऑपरेशन सांगितले, मग अकरा दिवस सांगितले. वारा फोनमध्ये घुसत होता. तिने विचारले, "कुठले अकरा?" मी तारखा सांगितल्या. तिला त्या तारखा पाठ असणारच, आई गेली तेव्हा ती सोळा वर्षांची होती. ती म्हणाली, "मोकळे सोडायचे हुते, अप्पा. मी तेव्हा बी विचारलं नसतं की का सोडले." मी म्हणालो, "आता तू बी सोड. हा महिना मोकळा राहू दे." ती म्हणाली, "मुलेंगा करील त्याच्यानं होतील तेवढी झाडं. बाकीची मोकळी. लुसाकाच्या विमानतळापर्यंत दोन दिवस लागतात, रस्त्यात पाणी हाय. शनिवारपर्यंत पोचते."

मग तिने विचारले, "भ्यालाव का, अप्पा?"

आयुष्यात मी तिला या प्रश्नाचे उत्तर कधी दिलेले नाही. मी म्हणालो, "हाव. लई."

ती म्हणाली, "मी बी. हितं रोजच भिते. तुमाला सांगितलं न्हाई, तुमी भ्याल म्हनून."

फोन आम्ही दोघांनीही लगेच ठेवला नाही. गौरम्मा रडत होती आणि मला शिव्या देत होती. मी अजूनही घाबरलेलोच आहे, त्यात काही फरक पडलेला नाही. सबब कलम पाच रद्द. अर्धे लिहिलेले वाक्य पुरे करू नये.

एकूण सात कलमे, पानांची संख्या सहा, खाडाखोड एका ठिकाणी, तिथे माझी सही आहे. वर लिहिलेले मी पुन्हा मोठ्याने वाचले, ते माझेच आहे आणि खरे आहे. याआधी मी कोणतेही मृत्युपत्र केलेले नाही, यानंतर करण्याची वेळ यावी अशी फार इच्छा आहे.

लिहून देणार: व्यंकटी दगडोबा टेकाळे (सही)

आमच्या दोघांच्या डोळ्यांदेखत व्यंकटी टेकाळे यांनी सही केली, आणि त्यांच्यादेखत व एकमेकांदेखत आम्ही केली:

१. भीमाशंकर शिवलिंग हत्ते, निवृत्त प्राध्यापक, लातूर (सही)

२. गौरम्मा बसप्पा, घरकाम, मुरुड (सही. अंगठा नको म्हणाली, नाव सावकाश पूर्ण लिहिले.)

ठिकाण: मुरुड, जिल्हा लातूर
दिनांक: १ फेब्रुवारी २०२६, सायंकाळी सव्वापाच