अंगणातला पळस उपटण्यासाठी तटस्थ माणूस मिळण्याबाबत

प्रति,
मा. सचिव,
विद्यार्थी वसतिगृह समिती,
सौंसर

विषय : अंगणातला पळस उपटण्यासाठी बाहेरचा माणूस देणे व अर्जदाराची खोली वाचवणे.
संदर्भ : अधीक्षक श्री. दिलीप सर यांची दि. ८ सप्टेंबरची नोटीस.

महोदय,

१. रविवार, दि. ३१ ऑगस्ट, सकाळी ७.४० वाजता वसतिगृहाच्या अंगणात पळस रोवला गेला आणि एकही ओली बनियन फेकली गेली नाही.

२. पांढुर्ण्याची गोटमार, म्हणजे जाम नदीत रोवलेल्या पळसासाठी दोन काठांवरच्या गावांची दगडफेक, आपणांस ठाऊक आहे. तिची नक्कल वसतिगृहात पोळ्यानंतर एका रविवारी होते. अंगणातली न्हाणीची कच्ची नाली ही जाम नदी, पूर्वेच्या खोल्या पांढुर्णा, पश्चिमेच्या सावरगाव. नालीत पळसाचे खोड रोवतात आणि गोट्यांऐवजी ओल्या बनियनांचा मारा होतो. जो पक्ष पळस उपटेल, त्याची वर्षभर आंघोळीला पहिली पाळी. गेल्या वर्षी एका बनियनीतून साबणाची वडी निघाली व पश्चिमेच्या केतनचा पुढचा दात गेला.

३. अर्जदार जुलैत छात्रनायक झाला. तो पूर्वेचा. त्याने अबे-तुबे बंद केले, स्वतः सर्वांच्या शेवटी जेवू लागला आणि एकच नियम घातला : कशालाही हात लावण्याआधी समोरच्याला विचारायचे. नियम पाळला जाईल अशी त्याला कल्पना नव्हती.

४. त्या रविवारी पूर्वेचा चेतन पळसापाशी गेला, थांबला आणि केतनला म्हणाला, "पहिले तुमचा मान जी. दात तुमचा गेला." केतन म्हणाला, "दाताचं काय जी, तुम्हीच उपटा." दोन्ही बाजू पाऊण तास उभ्या राहिल्या व नाश्त्याला गेल्या. पळस जागेवर राहिला.

५. कोणी जिंकले नाही, म्हणून पहिली पाळी कोणाचीच नाही. रोज सकाळी छत्तीस मुले बादल्या घेऊन एकमेकांना वाट देत उभी असतात. काल चौघांचीच आंघोळ झाली. कॉलेजात आमच्या वर्गांच्या खिडक्या उघड्या ठेवण्याची सूचना निघाली आहे.

६. नोटिशीप्रमाणे उद्या सायंकाळपर्यंत पळस न हटल्यास अर्जदाराने खोली सोडायची आहे. त्याने स्वतः उपटला तर पूर्व जिंकते, आणि नियम मोडतो तो नियम घालणाराच. म्हणून त्याने स्वयंपाकाच्या पंचफुलाबाईंना विनंती केली. त्या लोधीखेड्याच्या, सबब तटस्थ. परंतु बाईंनी पळसाला कपड्यांची दोरी बांधून घेतली होती. त्या म्हणाल्या, "जूनपासून दोरीले जागा मागून राहिली मी. झाडाले हात लावून पाह्य, पोळ्या तूच लाटशीन."

७. तरी पूर्वेचा नाही, पश्चिमेचा नाही आणि पंचफुलाबाईंना भीत नाही, असा एक माणूस समितीने द्यावा. सौंसरात असा कोणी अर्जदाराच्या माहितीत नाही.

पळसाशेजारून, आपला नम्र,
भूपेंद्र भिवाजी घागरे
छात्रनायक (उद्या सायंकाळपर्यंत)
दि. १० सप्टेंबर २०२५

सोबत : नोटिशीची प्रत; पळसाचा फोटो, दोरीसह; केतन यांचा दात, त्यांना विचारून.

ता. क. : आज दुपारी ४.१० वाजता पळसाला पालवी फुटलेली दिसली. पाने तीन. अधीक्षक सर येऊन पाहून गेले. जिवंत झाड उपटायला परवानगी लागते का, असे त्यांनी चेतनला विचारले. चेतन म्हणाला, "पहिले तुम्ही सांगा जी."