धोतरावरचा सूर्य

कोल्हापूर, ५ जून १९७९

राजमान्य राजेश्री तात्यासाहेब यांस,

दोन्ही हात जोडून नमस्कार. आपली व वहिनीसाहेबांची प्रकृती ठीक असेल, आणि रविवारी आमची मुलगी बघायला येऊन दारातून उपाशी परतताना कोडोलीपर्यंत कुठंतरी चार घास मिळाले असतील, अशी आशा करतो. इकडे सर्व क्षेम (सौ. सोडून, तिनं माझ्याशी अबोला धरला आहे).

झालं ते असं. आमची नात शालन सायन्सला आहे. माझ्या थोरल्या बंधूंची लष्करातली दुर्बीण स्टुलावर टेकवून ती सूर्याचं बिंब माझ्या वाळत घातलेल्या धोतरावर पाडते (वर बघायचं नाही, डोळे जातील, अशी मला ताकीद). त्यावर काळे डाग दिसतात. ती म्हणते, यंदा डाग वाढलेत, सूर्य उसळलाय, त्यानं वरची हवा तापून फुगलीय आणि तिला घासूनच अमेरिकेचं ते आभाळातलं यान, स्कायलॅब, खाली येतंय. पेपर वाचून सगळी पेठ आपापली छपरं बघतेय. आमची पोर मात्र कारणाकडं बघते! मला शाळेत पाठ केलेल्या सूर्याच्या साऱ्या कविता आठवल्या. रविवारी डोळे मिटून त्या म्हणत होतो, तिथंच घात झाला.

सौ. झुंबरबाई अंगणात आल्या आणि बिंबावर काळं बघून ओरडल्या, "गिराण लागलंय व्हय वो?" मी कवितेच्या तालात मान डोलावली. (डाग मला ठाऊक होते, पण वाटलं, तिनं पंचांग बघितलंय, म्हणजे ग्रहणही असेल; तिला वाटलं, पंचांग मी बघितलंय.) झालं! शिजवलेला तांबडा-पांढरा रस्सा उकिरड्यावर गेला, लोणच्यात तुळशीपत्र पडलं, आणि आपण दारात येताच हुकूम सुटला, "पावणं, सुटंपतुर पाण्याला बी हात लावायचा न्हाय!" बिंब सरकलं की मी दुर्बीण सरकवत होतो, पण ग्रहण काही सुटेना. शालन आत लुगडं नेसून बसलेली. बोलावल्याशिवाय मुलीनं बाहेर यायचं नाही, ही आपलीच रीत. शेवटी "ह्यो कसला पावणेर म्हणायचा?" म्हणत आपण उठलात, तेव्हा ती न बोलावता आली. "मामा, (पहिल्याच भेटीत, सासऱ्याला म्हणतात तसं, मामा!) गिराण न्हाय, सूर्याचे डाग हायती. आठवडाभर सुटायचे न्हाईत." आपण वहाणा घातल्यात. आपल्या चिरंजीवांनी मात्र मुलीकडं न बघता धोतराकडं बघत विचारलं, "रोज जरा जरा सरकत असतील न्हवं?" तात्यासाहेब, तेव्हा पोरीच्या तोंडावर जे तेज आलं, ते मी एकाही कवितेत वाचलेलं नाही. राग सोडावा, सोयरीक मोडू नये, एवढीच पदर पसरून विनंती.

आपला नम्र,
केरबा

ता. क. सौ. म्हणते, परत या, रस्सा दुप्पट करते.

दुसरा ता. क. शालन मागं उभी राहून लिहवून घेते आहे : मुलगा पसंत आहे, घर पसंत व्हायचं आहे. आपल्या अंगणात सकाळचं ऊन कुठून कुठवर येतं, ते चिरंजीवांनी स्वतः बघून कळवावं. मग आपण होकाराचं बघू.