पीस क्रमांक एकतीस

तीर्थरूप मामांना भाच्याचा दोन्ही हात (साबणाने दोनदा धुतलेले) जोडून नमस्कार. तुमचा गुडघा आता कसा आहे? मामीचा खोकला थांबला का? माझी तब्येत ठीक असून भूक पूर्वीसारखीच आहे.

पत्र लिहिण्याचं कारण असं, की तुम्ही शब्द टाकून मिळवून दिलेली प्रयोगशाळेतली नोकरी गेल्या आठवड्यात जवळजवळ गेली होती. ती आता पक्की झाली आहे. (शेवट आधीच सांगितला, म्हणजे वाचताना तुमचा रक्तदाब वाढायला नको.) आमच्या बाई कोंबड्यांना कॅन्सरच्या गाठी आणणाऱ्या एका विषाणूचा अभ्यास करतात. तो पिसांच्या मुळाशी सापडतो. चाळीस ठिकाणच्या चाळीस कोंबड्यांची पिसं नळ्यांत भरून वर क्रमांक लिहिणं हे माझं काम. बाई म्हणतात, विषाणूच्या जनुकांत अक्षरांसारखी एक लांब रांग असते. ती एकोणचाळीस नळ्यांत सारखी निघाली आणि एकतिसाव्या नळीत तीन जागी वेगळी. मला वाटलं, शाबासकी मिळेल. पण आमचे थोरले मदतनीस (मी त्यांना मनातल्या मनात फौजदार म्हणतो) सगळ्यांदेखत म्हणाले, "दहावीला दोनदा बसलेल्याच्या हाती नळ्या दिल्यावर दुसरं काय होणार? भलतंच काहीतरी भरलं असेल यानं." बाई मला म्हणाल्या, "शुक्रवारपर्यंत माझी खात्री पटली नाही, तर मला दुसरा माणूस बघावा लागेल."

मामा, मी दाराची कडी तीनदा तपासतो म्हणून तुम्ही मला हसता. त्याच स्वभावापायी मी प्रत्येक कोंबडीची दोन जास्तीची पिसं, क्रमांक घातलेल्या वेगळ्या पाकिटात, फ्रीजरमध्ये ठेवली होती. कुणी सांगितलं नव्हतं, पण नळी फुटली तर काय, ही काळजी मला खात असे. (नळी एकही फुटली नाही.) एकतिसावं पाकीट मी बाईंपुढे केलं. बाईंनी मला खोलीबाहेर उभं करून सगळं स्वतःच्या हातानं पुन्हा केलं. शुक्रवारी दुपारी दार उघडलं. तेच तीन बदल, त्याच तीन जागी. विषाणूचा हा प्रकार आमच्या प्रयोगशाळेत आजवर कुणी पाहिलेला नाही. बैठकीत मला खुर्ची मिळाली आणि फौजदारांनी चहा आणून दिला. तो मी अगदी सावकाश, फुंकर घालघालून प्यालो.

तुमचा,
आता कायम झालेला भाचा

ता. क. एकतीस क्रमांकाची कोंबडी म्हणजे तुमची लंगडी. मागच्या खेपेला तुम्ही वर्तमानपत्र वाचत असताना मी तिची पिसं उपटली. (ती का ओरडली, असं तुम्ही विचारलंत, तेव्हा मी मांजरावर ढकललं.) येत्या गुरुवारी बाई तिला न्यायला स्वतः येणार आहेत. पण त्याआधी रविवार येतो, आणि रविवारी तिला कापायचं तुमच्या मनात आहे असं मामीनं कळवलंय. कृपा करून तेवढं करू नका.

ता. क. दुसरा. पत्र पोचेपर्यंत कापली असेल तर घाबरू नका. हा विषाणू माणसाला काही करत नाही, मी बाईंना तीनदा विचारलं. फक्त पिसं टाकू नका. आणि ती चवीला बरी होती असं बाईंसमोर म्हणू नका.