तात्यापाऱ्यात मागितलेली माफी

बाबा, परवा एका बाईंनी माझ्या निकालाविरुद्धचं अपील माझ्याच हातात आणून दिलं. आपल्या चर्चचा नियम अजून तोच आहे. ज्यानं निकाल दिला त्याच्याकडेच अर्ज द्यायचा, त्यानं तो चौकशीच्या टिपणासोबत वर पाठवायचा, आणि वरच्या लोकांनी नुसते कागद वाचून ठरवायचं. माणसाला कोणी बोलावत नाही. पगारी पाद्री आपल्यात नाहीत, म्हणून हप्ताभर नव्या रायपुरात फायली सरकवणारा मी रविवारी लोकांचा न्याय करतो. बाई गेल्या आणि मला तुमचं अपील आठवलं.

तुमच्या चौकशीचं टिपण, तेव्हाचा चर्चचा लेखनिक म्हणून, मीच लिहिलं होतं. भर सभेत तुम्ही तेव्हाच्या मुख्य भाईंना, आज मी आहे त्या जागेवरच्या माणसाला, खोटारडे म्हटलं होतं, आणि तेच भाई तुमचा न्याय करायला समोर बसलेले. तुम्ही अर्धा तास बोलत होता. म्हणालात, "त्याच संध्याकाळी तात्यापाऱ्यात यांच्या घरी गेलो, हात जोडून माफी मागितली. विचारा ना यायले." भाईंनी पुढचा प्रश्न विचारला. स्कूटरवर तुम्हाला तिथं मीच नेलं होतं, दारात उभा राहून सगळं ऐकलं होतं. तरी ते वाक्य मी लिहिलं नाही. पोरगा बापाला वाचवून राहिला, असं कोणी म्हणू नये म्हणून. काय भित्रा होतो मी! तुम्ही अपील केलं, आणि वरून दोन ओळींचं उत्तर आलं: पश्चात्ताप दिसत नाही, निकाल कायम.

त्यानंतरही तुम्ही दर रविवारी येऊन मागच्या बाकावर बसायचे. निकालानं प्रभुभोजनाची बंदी होती, म्हणून पावाचं ताट आलं की न घेता शेजाऱ्याकडे द्यायचे. आई चिडायची, काहून जाता म्हणायची. तुम्ही शेवटच्या आजारपणापर्यंत जात राहिलात.

काल त्या बाईंना पुन्हा बोलावलं, त्यांचं म्हणणं त्यांच्याच शब्दांत लिहून अर्जाला जोडलं. माझ्या विरोधातलंही सगळं. तुमच्या वेळी एवढंच तर करायचं होतं.

हे पत्र कुठं पाठवायचं नाही, म्हणून एक गोष्ट लिहितो. तुम्ही पाऱ्यात, आपल्या वस्तीत, सगळ्यांना सांगायचे, "पोट्ट्यानं बापाची बाजू नाही घेतली, जसं झालं तसंच लिहिलं." मी बाजूलाच उभा असायचो. आणि बाबा, मला ते ऐकून बरं वाटायचं.