पट्टीखालचं नाव

९ फेब्रुवारी १९७८, गुरुवार
"नाव घातलंय, आता कुठंही हरवली तरी घरी येईल." मी दहा वर्षांची, वसतिगृहात निघालेली. दादा माझ्या पत्र्याच्या ट्रंकेवर पांढऱ्या रंगानं शेवटची मात्रा देत होते. तेव्हा ते बोललेले.
आज ते वाक्य आठवलं, कारण हातात चिकटपट्टी होती.
ओझरच्या कारखान्यात ते पेट्यांवर नंबर घालायचे. रिटायर झाले तरी घरातली एक वस्तू मोकळी सोडत नाहीत. बादली, छत्री, आणि माझी करडी रेक्झिनची बॅग: विमल तुळशीराम पगारे, नासिक.
शनिवारी कळवणला वक्तृत्व स्पर्धेची परीक्षक म्हणून जायचंय. बोलावणं आलं ते गोष्टींमुळे, आणि गोष्टी मी माझ्या आणि दादांच्या नावावर, 'विमल तुळशीराम' एवढ्यावरच छापते. मुक्काम तिथल्या मुख्याध्यापिकेच्या घरी. सोवळं पाळणारं घर आहे म्हणे. 'पगारे' वाचलं की आपल्याकडं पुढचं कुणाला विचारावं लागत नाही.
एकाच शब्दावर पट्टी उठून दिसेल म्हणून सगळ्याच नावावर लावली. दवाखान्यातली, रुंद. 'पगारे'वर जास्त जोरानं दाबली. दादा बाहेर गेले होते.
माझं वय त्रेचाळीस.

११ फेब्रु., शनि. कळवण
मुख्याध्यापिकेच्या सासूबाई फार प्रेमळ. जेवायच्या आधी विचारलं, "विमलताई, आडनाव काय हो तुमचं?"
"नुसतं विमल म्हणा आजी. लेकीसारखीच आहे मी."
हसल्या. "लेकीला कोण आडनाव विचारतंय? मग अशी परक्यासारखी बाहेर काय बसलीस? आत ये, माझ्याजवळ."
भातावर त्यांनी स्वतः तूप वाढलं. दुसऱ्यांदाही. मी भात नुसता चिवडत राहिले. 'काय गं, आवडलं नाही का,' म्हणाल्या.
दादांची वही बॅगेत आहे. स्वतःचं आयुष्य लिहिलंय त्यांनी, पेन्सिलीनं. एकच प्रत. शाईनं उतरवून दे म्हणालेत. इथं वाचीन म्हणून आणली, पण बाहेर काढली नाही. पहिल्याच पानावर मोठ्या अक्षरात नाव आहे.

१२ फेब्रु., रवि.
एस.टी. खच्चून भरलेली, बॅगा टपावर. नासिकच्या स्टँडवर हमाल वर चढून नावं वाचत एकेक खाली देत होता. "गवळी, घ्या. शिंदे वणीवाले, घ्या." मग दोन करड्या बॅगा हातात धरून म्हणाला, "ह्या बिननावाच्या. ज्याच्या त्यानं वळखा."
समोर आली ती घेतली आणि निघाले. ओळखायला थांबलेच नाही.
घरी उघडली. डिंकाचे लाडू. झबली, टोपडी. जुन्या लुगड्याचे मऊ तुकडे, घड्या घातलेले. वेखंड. कुणाची तरी आई लेकीच्या बाळंतपणाला निघालेली.
वही गेली.
दादांना सांगितलं, बॅग बदलली. ते वर्तमानपत्रातून मान वर न काढता म्हणाले, "येईल. नाव घातलंय."

१३ फेब्रु., सोम.
शाळेत शेवटचा तास घेऊन स्टँडवर. सापडलेल्या सामानाच्या खिडकीतला क्लार्क भला माणूस.
"काय खूण?"
करडी, रेक्झिनची.
"अशा दिवसाला पंधरा येतात. नाव आहे का वर?"
आहे. पण वर चिकटपट्टी आहे.
"फाटली होती का?"
नाही.
त्यानं पेन खाली ठेवलं. "मग असून नसल्यासारखंच की, बाई."
मागं रांग होती. सगळ्यांनी ऐकलं असेल असं वाटत राहिलं.

१५ फेब्रु., बुध.
दोन प्रसूतिगृहांत विचारून आले. पेशंटचं नाव काय? माहीत नाही. आईचं? तेही नाही. नर्स जरा विचित्र बघायला लागली तशी निघाले.
कपाटातून लाडवांचा वास येतो. त्या पोरीला घालायचे, आणि पडलेत माझ्या घरात.
दादा पोस्टमनच्या वेळेला ओट्यावर जाऊन बसतात. आज म्हणाले, "वाचता येणारं एक माणूस भेटलं की झालं."
आता सांगावं म्हणून तोंड उघडलं. चहा टाकू का, असं विचारलं.

१७ फेब्रु., शुक्र.
बाई आली.
पन्नाशीची, कळवणजवळच्या खेड्यातली. दारातूनच, "ताई, ही तुमचीच हे का बघा. माझी तुमच्याकडं हे ना? आतल्याला हात नाय लावला. मला वाचता कुठं येतं."
दादा उठून उभे राहिले. मुलगी झाली की मुलगा, त्यांनीच विचारलं.
"नात. मंगळवारी. तिच्यातच आडकले, नायतर आधीच आले असते." मग ऐसपैस बसून सांगायला लागली. "काल जावायानं वरची पट्टी सोलली, तवा नाव निघालं. आडनाव पट्टीलाच चिकटून आलं, ते त्यानं उलटं वाचलं. आज आडनाव सांगितलं एका पानवाल्याला, तर त्यानं सरळ ह्या वस्तीचीच वाट दाखवली. लय बरं झालं बघा आडनाव व्हतं ते. पण ताई, नावावर पट्टी कशाला वो लावली व्हती?"
"फाटली होती तिथं," मी म्हणाले.
दादांनी बॅग मांडीवर घेतली. पट्टीच्या जागेवरून बोट फिरवलं, या कडेपासून त्या कडेपर्यंत. रेक्झिन शाबूत. बाईंना म्हणाले, "चहा घेतल्याशिवाय जायचं नाही."
ती गेल्यावर फडकं रॉकेलमध्ये बुडवून ते डिंकाचा चिकटा काढत बसले. मी करते म्हटलं. त्यांनी फडकं पुन्हा रॉकेलमध्ये बुडवलं.
'विमल तुळशीराम' जसंच्या तसं आहे. 'नासिक'ही. 'पगारे'चा रंग पट्टीबरोबर निघाला. एक मात्रा तेवढी राहिलीय.

१९ फेब्रु., रवि.
जेवण, पेपर, दिवा, एवढंच बोलणं. रागावले असते तर...
वही त्यांनी स्वतःच्या ट्रंकेत ठेवली. संध्याकाळी धीर करून विचारलं, "उतरवायची होती ना?"
"राहू दे. तिच्यात पानोपानी नाव आहे. किती पट्ट्या लावशील?"
आवाज चढवला नाही.
कळवणच्या आजींना पत्र लिहायला घेतलं. पूर्ण नावानं. मायन्यापुढं सरकत नाही.

२३ फेब्रु., गुरु.
ते बाहेर गेलेले बघून मीच ब्रश घेतला. 'प' बरा आला. 'ग' ओघळला. पुसून टाकलं. त्यांच्या अक्षराशेजारी माझं अक्षर उसनं आणल्यासारखं दिसतं.

२६ फेब्रु., रवि.
पुढच्या शनिवारी चांदवडला जायचंय. शाळेचं स्नेहसंमेलन, मुक्काम तिथल्या एका बाईंकडं.
पांढऱ्या रंगाचा छोटा डबा आणलाय. कालच शेजारच्या सायकलवर दादांनी नाव घातलं, एका दमात, रेषा कुठं हलली नाही. मला मात्र 'हात कापतो' म्हणतील. किंवा चष्मा काढून पुसत बसतील. नाहीच म्हणणार, मला माहीत आहे. मी त्यांच्या जागी असते तर मीही.
तरी बॅग त्यांच्या खाटेजवळ ठेवलीय. डब्याचं झाकण सैल केलंय. चहा झाला की म्हणणार आहे: दादा, पुढचं पुन्हा घालून द्या.